लाभाचे पद

माउंट रॉस्किल, ऑकलंड
सोमवार, २४ मार्च २०२५

नीलिमा,

सवयीनं आधी 'प्रिय' लिहून गेले होते. तो कागद फाडला आणि हा नवा घेतला.

पत्र बघून तू हसशील. पापाकुरा इथून गाडीनं अर्धा तास, आणि ही बाई पाकिटं चिकटवत बसलीय. पण व्हॉट्सअ‍ॅपवर मी तुला ब्लॉक केलंय, फोनवर माझा आवाज चढेल, आणि तू समोर आलीस तर मी काय करेन याची मला खात्री नाही. शिवाय पोस्टाच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईनं पत्र लिहायचं नाही तर कुणी लिहायचं? कालपासून तर मी सरकारी अधिकारीच झालेय म्हणे.

कालचं सगळं तुझ्या देखत झालं, तरी लिहून ठेवते. सांगलीत वीस वर्षं इतिहास शिकवलाय मी. झालेली गोष्ट वेळेवर कागदावर आली नाही की लोक तिला हवे तसे हातपाय लावतात. तर, आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक. मला चौसष्ट मतं, तुझ्या नवऱ्याला एक्कावन्न. टाळ्या झाल्या, सिद्धीनं मला मिठी मारली आणि तेवढ्यात तुझे शिरीषराव निळी फाइल घेऊन उठले.

"सॉरी विनयाताई, नथिंग पर्सनल. पण आपल्या घटनेतलं कलम नऊ वाचतो. 'सरकारी लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती मंडळाच्या अध्यक्षपदास अपात्र राहील.' ताई पोस्टात आहेत. पोस्ट इज गव्हर्नमेंट. सो..."

फार्मसीच्या कोपऱ्यात, सनस्क्रीन आणि खोकल्याच्या औषधाच्या मधे चार फुटांचं काउंटर. पगार देतो फार्मसीवाला. पार्सलांना बारकोड लावते, लोकांचे पासपोर्टचे फोटो काढते. हे माझं लाभाचं पद! आणि सभा चालवणारे डॉक्टर नितीश चष्मा वर करून म्हणतात, "रूल इज रूल." मी बाद. दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार विजयी. मागच्या रांगेतून कुणीतरी "पोस्टमास्तरीणबाई" म्हणालं आणि लोक हसले. मी त्या हॉलमध्ये अठरा वर्षं खुर्च्या मांडल्यात, नीलिमा. लोक माझ्यावर हसले.

तुझ्या नवऱ्याला हे सुचणं शक्य नाही. त्याला मराठी परिच्छेद वाचायला तुझी मदत लागते. हे आलं माझ्याच लेखातून. मागच्या दिवाळी अंकात मी लिहिलेला, 'ओरेगनचा पोस्टमास्तर'. अठराशे शहात्तर साल, अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक. तिथे प्रत्येक राज्य आपले प्रतिनिधी निवडतं आणि ते प्रतिनिधी अध्यक्ष निवडतात. ओरेगनला असे तीन. तिन्ही जागा हेज नावाच्या उमेदवाराच्या पक्षानं हजारभर मतांनी जिंकल्या. पण तिघांतला एक निघाला लाफायेत नावाच्या लहानशा गावचा पोस्टमास्तर, आणि त्यांच्या घटनेत लिहिलेलं की सरकारी लाभाच्या पदावरच्या माणसाला प्रतिनिधी होता येत नाही. राज्याचा गव्हर्नर होता विरुद्ध पक्षाचा. त्यानं पोस्टमास्तरला बाद केलं आणि हरलेल्या माणसाच्या हातात प्रमाणपत्र ठेवलं. एका मतावर सगळ्या देशाचा अध्यक्ष ठरायचा होता, म्हणून हा खटाटोप.

त्या लेखाची प्रुफं कुणी वाचली? तू. ऱ्हस्व-दीर्घ कुणी काढले? तू. आणि मग घरी जाऊन नवऱ्याला चहाबरोबर कुणी सांगितलं?

मला अध्यक्षपद मिरवायला नको होतं. शनिवारच्या मराठी शाळेसाठी मी उभी राहिले, हे तुला सगळ्यांत जास्त माहीत होतं. हॉलमागची खोली दर टर्मला अध्यक्षाच्या सहीनं मिळते. खुर्चीवर बसल्या बसल्या शिरीषरावांनी पहिलं वाक्य कुठलं बोलावं? "शाळा ऑनलाइन नेऊ या, सात मुलांसाठी हॉल डझन्ट मेक सेन्स." म्हणजे तीन मे रोजी दुसऱ्या टर्मचा पहिला शनिवार येईल आणि खोलीला कुलूप असेल.

तू सभेनंतर माझ्याकडे न बघता गाडीत बसलीस. तुझी लेक इरावती गाडी चालवत होती. तिनं बघितलं माझ्याकडे, तू नाही.

याचं उट्टं मी काढणार आहे. शिरीषचं तर काढीनच, पण आधी तुझं. तयारीत राहा.

विनया


माउंट रॉस्किल
सोमवार, ७ एप्रिल

नीलिमा,

तुझ्या नवऱ्याची एक गंमत झालीय. त्यानं लेख अर्धाच वाचलाय, नाही तर तू अर्धाच सांगितलास.

उरलेला अर्धा ऐक. पोस्टमास्तर रडत बसला नाही. त्यानं पोस्टाचा राजीनामा दिला. मग प्रतिनिधीपदाचाही दिला. त्याच्या पक्षाच्या उरलेल्या दोघांनी गव्हर्नरच्या माणसाशेजारी बसायला नकार दिला, जागा रिकामी झाली असं जाहीर केलं आणि त्या रिकाम्या जागी कुणाला नेमलं? त्याच पोस्टमास्तरला. आता तो पोस्टात नव्हता, त्यामुळे कलम लागू नव्हतं. वाचताना मी एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

तर शुक्रवारी माझा काउंटरवरचा शेवटचा दिवस झाला. अकरा वर्षं. मॅनेजर म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, नो प्रॉब्लेम, विनाया, पण पासपोर्ट फोटो कोण काढणार?" माझ्या राजीनाम्यातलं त्याला टोचलं ते एवढंच. शेवटचं पार्सल एका म्हाताऱ्याचं होतं, डनीडिनला नातीसाठी लोकरीचे मोजे. मी बारकोड लावला, ड्रॉवरची किल्ली दिली आणि बस पकडून घरी आले. नोकरी गेली म्हणून मला वाईट वाटलं असं तुला वाटत असेल तर तुझी निराशा करते. मला त्या बसमध्ये मजा वाटत होती.

शनिवारी सिद्धीच्या गॅरेजमध्ये बैठक. मंडळाचा सचिव गुरुदत्त आणि खजिनदार सिद्धी, दोघंही माझ्या पॅनेलमधून निवडून आलेले. गुरुदत्तनं माझा अध्यक्षपदाचा राजीनामा वाचला, सिद्धीनं मंजूर केला, जागा रिकामी झाली आणि दोन मिनिटांत दोघांनी मला तिथे नेमलं. इतिवृत्त लिहिलं, तिघांच्या सह्या झाल्या. गुरुदत्त म्हणाला, "ताई, हे लीगल आहे ना?" मी म्हटलं, एकोणिसाव्या शतकात होतं.

आणि तुझा शिरीष! तो एकटाच बसला आणि सागरला सचिव, अजून एका पोराला खजिनदार नेमून मोकळा झाला. ओरेगनमध्ये अगदी हेच झालं होतं, हे त्याला कुणी सांगितलं नसणार. तिथला गव्हर्नरचा माणूसही एकटा पडला, त्यानंही आपल्या मनानं दोघं नेमले, आणि त्या दोघांनी मतं दिली ती विरुद्ध पक्षाला. सागरवर लक्ष ठेव म्हणावं.

आता ऑकलंडात दोन मंडळं आहेत. दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एकाचं नाव 'मंडळ ऑफिशियल', दुसऱ्याचं 'मंडळ खरं'. सागरनं ऑफिशियलवर "किया ओरा एव्हरीवन" असा माओरी नमस्कार करून गुढीपाडव्याच्या शुभेच्छा दिल्या, आठ दिवस उशिरा. दोन्ही ग्रुपवर असलेले लोक दोन्हीकडे फुलं पाठवतात.

घटनेप्रमाणे भांडण विश्वस्तांपुढे जातं. विश्वस्त तीन. नितीश तुमच्या खिशात. कौमुदी माझ्या बाजूची. तिसरी तू.

वॉशिंग्टनला पण असंच झालं होतं. पंधरा जणांचा आयोग, आठ एका पक्षाचे, सात दुसऱ्याचे. प्रत्येकानं आपल्या पक्षाला मत दिलं, आठ विरुद्ध सात. ओरेगनची तिन्ही मतं हेजला आणि हेज एका मतानं अध्यक्ष. म्हणजे पोस्टमास्तर जिंकला. पण तिथे कुठल्या न्यायाधीशाची बायको उमेदवार नव्हती! इथे नवऱ्याच्या खुर्चीचा निकाल बायको देणार. शोभतं का हे, याचा विचार कर.

या वर्षी फिजोआच्या फळांची पिशवी आली नाही. दर एप्रिलला तुझ्या झाडाची पहिली पिशवी माझी असायची. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत आणले. आंबट निघाले, तरी खाल्ले सगळे.

विनया
अध्यक्ष (खरं)


माउंट रॉस्किल
मंगळवार, २२ एप्रिल

नीलिमा,

तुझं उत्तर मिळालं. चार आठवड्यांनी पाच शब्द. "कलम नऊ कुणी लिहिलं होतं?" खाली सहीसुद्धा नाही. नर्सबाईंचं अक्षर मात्र सुंदर.

कलम नऊ समितीनं लिहिलं. दोन हजार अकरा साली मंडळाची नोंदणी झाली, तेव्हा घाईघाईत घटना तयार केली. कुणीतरी भारताच्या राज्यघटनेतून उचललं असणार. तिकडचे शब्द इकडे आणताना बघायला हवं होतं की या देशात निम्मी मराठी माणसं सरकारी हॉस्पिटलात नाही तर काउन्सिलात. पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. झालं समाधान?

आता मुद्द्याचं. निकाल रविवारी, सत्तावीस तारखेला, हॉलमध्ये. तू शिरीषला मत दिलंस तर मी माइक घेणार आहे. लेखाची प्रुफं माझ्याकडे आहेत, तुझ्या हातच्या लाल खुणांसकट. 'लाभाचे पद' या शब्दांखाली तू दोन रेघा मारल्यात. दुरुस्ती नाही, प्रश्नचिन्ह नाही, नुसत्या दोन रेघा. ते पान मी सगळ्यांना दाखवणार आणि सांगणार की माझ्या घरी अठरा वर्षं जेवलेल्या बाईनं माझ्याच पानावर रेघ मारून माझ्या पाठीत सुरा खुपसला. मग राहा पापाकुऱ्यात तोंड लपवून. गणपतीला, हळदीकुंकवाला, कुठेही ये, लोक कुजबुजतील याची व्यवस्था मी करीन. मला वेळच वेळ आहे, नोकरी नाही.

हे गेले तेव्हा तू पंधरा दिवस माझ्याकडे झोपायला होतीस. नाइट शिफ्ट करून यायचीस आणि आधी मला चहा करून द्यायचीस. म्हणून तर जास्त राग येतो. परक्यानं केलं असतं तर मी दोन शिव्या हासडून गप्प बसले असते.

आणि शाळेचं म्हणशील, तर सात मुलं आहेत हे खरं. घटना झाली तेव्हा एकेचाळीस होती. मुलं का कमी झाली याची कारणं बरीच आहेत. क्रिकेट, स्विमिंग, आईबाप. तू म्हणायचीस, "इंग्रजीत उत्तर देऊ दे गं त्यांना, कानात मराठी राहिली तरी पुष्कळ आहे." ते ऐकलं असतं तर शाळा कधीच बंद पडली असती. माझ्या वर्गात मराठीत विचारलं की मराठीतच बोलायचं. म्हणूनच सात का होईना, उरलीत.

मत जपून दे.

विनया


माउंट रॉस्किल
गुरुवार, २४ एप्रिल

नीलिमा,

परवाचं पत्र तुला आज मिळेल. हे मात्र रविवारच्या आत मिळणार नाही. उद्या अ‍ॅन्झॅक डेची सुट्टी, मग शनिवार-रविवार. आज पेटीत टाकलं तरी सोमवारशिवाय तुझ्या दारी जात नाही. पोस्टात होते, मला माहीत आहे. म्हणून तर आज लिहितेय.

कलम नऊ मी लिहिलं.

समिती वगैरे काही नव्हतं. मसुदा माझ्याकडे होता, माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर. तू हॉस्पिटलात वॉर्डची चार्ज नर्स झाली होतीस, आणि अध्यक्षपदाला उभी राहणार म्हणून सगळ्यांना सांगत होतीस. अध्यक्ष झालीस तर शाळेत तू म्हणशील तसं होणार, दुसरी शिक्षिका येणार, मी बाजूला. मी नागरिकशास्त्रही शिकवलेलं. 'लाभाचे पद' हे शब्द मला पाठ होते. आठ कलमं झाली होती, नववं घातलं. सरकारी हॉस्पिटलातली नर्स, सरकारी पगार. छापून आल्यावर कुणी वाचलं नाही, तूच वाचलंस. अर्ज मागे घेतलास आणि मला म्हणालीस, "अगं, रूल आहे म्हणे काहीतरी." मी म्हटलं, "हो का? अरेरे."

मला वाटलं तुला कळलं नाही. तेरा वर्षं मी तसंच धरून चालले.

मागच्या ऑक्टोबरात प्रुफं परत द्यायला आलीस तेव्हा विचारलंस, "हे 'लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती', हे तू कुठून घेतलंस?" मी म्हटलं, "असंच, जुनं वाक्य आहे." चप्पल घालून गेलीस. आता कळतंय, तू ते वाक्य आधी कुठे वाचलं होतंस ते. माझी भाषा तुझ्याइतकी कुणी वाचलेली नाही. माझ्याच वाक्यानं मी पकडली गेले, आणि मला वाटत होतं की मी ओरेगनवर लेख लिहितेय.

म्हणून मी वाकेन असं समजू नकोस. तू सूड घेतलास, घे. पण सरळ येऊन माझ्या थोबाडीत मारायची होतीस. नवऱ्याला पुढे करून शाळेवर कुलूप कशाला? ते मी विसरणार नाही. रविवारी मी प्रुफाचं पान घेऊन येणारच आहे.

आणि अकरा साली तू का उभी राहत होतीस, तेही मला माहीत आहे. इरावतीमुळे. आठ वर्षांची पोर, वर्गात इंग्रजीत बोलली, मी तिला थोडा वेळ उभं केलं होतं. तेवढंच. शाळेत आम्हाला काय काय नाही केलं मास्तरांनी. त्यावरून एवढं महाभारत.

विनया


माउंट रॉस्किल
सोमवार, २८ एप्रिल

नीलिमा,

गुरुवारचं पत्र आज तुझ्या पेटीत पडलं असेल. ते आधी वाच, मग हे.

काल तू पोचलीस तेव्हा मी पहिल्या रांगेत होते, प्रुफाचं पान पर्समध्ये घडी न घालता ठेवलेलं. शिरीष दुसऱ्या टोकाला, टाय बांधून. तू तिसऱ्या रांगेत इरावतीच्या शेजारी. मी सारखी मान वळवून बघत होते, तू बघितलं नाहीस.

कौमुदीनं पाकीट उघडलं. दोन विरुद्ध एक. विनया निवडून आलेली आहे.

मला आधी कळलंच नाही. मी माइककडे निघाले होते भांडायला. गुरुदत्त शिट्ट्या मारायला लागला तेव्हा लक्षात आलं, नितीश विरुद्ध, कौमुदी आणि तू माझ्या बाजूनं. शिरीषचा चेहरा बघितला. हे त्यालाही नवीन होतं. तू त्याला घरात सांगितलं नव्हतंस! महिनाभर मी या क्षणाची वाट बघत होते. तो असा पडलेला मला बघायचाच होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. भरपूर झाला. साधारण एक मिनिट टिकला.

मग कौमुदी म्हणाली, "निकालाचं कारण नीलिमानं लिहून दिलंय. घटनेप्रमाणे ते अध्यक्षांनी वाचायचं. ये, वाच." आणि तुझा कागद माझ्या हातात दिला. सुंदर अक्षर. मी माइकवर, माझ्या खणखणीत आवाजात वाचलं:

"विनयाला जास्त मतं पडली, म्हणून ती अध्यक्ष. कलम नऊ चुकीचं आहे, काढून टाकावं. ते दोन हजार अकरा सालीही चुकीचं होतं. मी ते शिरीषला दाखवलं, ही माझी चूक. शाळेवर जाईल हे मला कळायला हवं होतं."

बस. माझं नाव नाही, आरोप नाही. माझ्या पर्समधल्या पानाचं काही कामच उरलं नाही, तू स्वतःच सांगून टाकलेलंस. मी कागद खाली ठेवला आणि सागरनं विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं, तो तेव्हा या देशातसुद्धा नव्हता.

"दोन हजार अकराला काय झालं होतं, विनयाताई?"

शंभर माणसं. माझ्या हातात माइक. सगळ्या हॉलमध्ये उत्तर माहीत असलेल्या दोघीच, तू आणि मी. तू तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. तू फक्त थांबली होतीस.

मी म्हणाले, "आता आठवत नाही बाई. फार जुनं झालं."

वीस वर्षं मुलांना सनावळ्या पाठ करायला लावणारी मी.

"आय डू," असं कुणीतरी म्हणालं. मला वाटलं तू. पण इरावती उभी राहिली होती. तू तिचा हात ओढलास, ते मी बघितलं. ती बसली नाही. तिला इंग्रजीत सगळं दोन मिनिटांत सांगता आलं असतं, आणि निम्म्या हॉलला ते जास्त बरं कळलं असतं. तिनं मराठीत सांगितलं. माझ्याकडे बघून, एकेक शब्द शोधत.

"मावशी, मी आठ वर्षांची होती. तुम्ही विचारला, काल काय खाल्ला. मी बोलली, फिश अँड चिप्स. तुम्ही मला उभा केला. खूप वेळ. मग मला टॉयलेटला जायचा होता. मी इंग्लिशमध्ये विचारला. तुम्ही बोलला, मराठीत. मला शूचा वर्ड माहीत होता, मावशी. पण सगळ्यांसमोर बोलायला लाज वाटला. मग... मग माझा सगळा फ्रॉक ओला झाला. सगळ्या मुलं हसला. म्हणून आई प्रेसिडेंट व्हायला बघत होती. मग तो रूल आला."

तिनं बोट वगैरे काही दाखवलं नाही. "मग तो रूल आला" एवढंच, आणि खाली बसली. पण लोकांना हिशेब जमला. घटनेच्या पहिल्या पानावर छापलेलं आहे, 'मसुदा: सौ. विनया'. नितीशनं तिथल्या तिथे फाइल उघडून बघितलं.

फ्रॉक ओला झाला हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही गुरुवारच्या पत्रात नाही. 'थोडा वेळ उभं केलं, तेवढंच' असं लिहिलं. मीच फरशी पुसली होती, नीलिमा. पोरं गेल्यावर, कागदी टॉवेलनं. तेव्हा मनात काय होतं ते सांगते, आता काय लपवायचं. मनात होतं, आता ही नक्की शिकेल.

नंतरचं लवकर सांगते. कुणी भांडलं नाही. चहा झाला. तुम्ही तिघं न थांबता गेलात. बुकिंगचा कागद कौमुदीनं पुढे केला, मी अध्यक्ष म्हणून सही केली, दुसऱ्या टर्मला खोली आपलीच. मग सिद्धी जवळ आली. माझी सिद्धी, गॅरेजवाली. म्हणाली, "ताई, वेदांत या टर्मला नाही येणार." मी म्हटलं, "का गं, क्रिकेट?" ती म्हणाली, "नाही, क्रिकेट नाही." आज सकाळपर्यंत आणखी चार मेसेज आले. सातातली दोन उरली, आणि त्यातल्या एकाच्या आईनं अजून मेसेज बघितलेला नाही.

मी तुम्हाला चव्हाट्यावर आणणार होते. तुझी बदनामी कशी करायची त्याची मी यादी केली होती, खरंच, वहीत. तू मला खुर्ची दिलीस, खोली दिलीस, माफी मागितलीस, आणि एक प्रश्न विचारू दिलास. त्यालाही मी खोटं उत्तर दिलं. तुला खरोखरच सूड घ्यायचा होता की नाही, हे मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायचा मला हक्क उरलेला नाही.

शनिवारी दहा वाजता मी खोली उघडणार आहे. इरावतीला हे पत्र वाचून दाखव, तिला देवनागरी जमत नसेल तर. जमत नसणारच, माझ्याकडे तीन महिनेच होती.

ती बोलत होती तेव्हा शंभर माणसं माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? मी तिच्या चुका मोजत होते. उभा केला नाही, उभं केलं. सगळ्या मुलं नाही, सगळी मुलं. अठरा वर्षांची खोड. तोंड उघडलंही होतं मी. लाज वाटला नाही गं पोरी, लाज वाटली.

मला वाटली.

विनया